डॉलरला अठरा लिरा

२० डिसेंबर २०२१, सोमवार. सकाळी साडेनऊला लॅपटॉप उघडला तर ऑफिसच्या ग्रुपवर पेढ्यांची चित्रं येऊन पडलेली. आमच्या लुडोच्या गेमचे शनिवार-रविवारचे आकडे आले होते आणि देशांच्या यादीत तुर्कस्तान पहिल्या नंबरवर होता. एरवी तो पाचवा-सहावा असायचा. पुण्यातली आमची चाळीसेक माणसांची कंपनी. दोन दिवसांत एखादा देश असा वर आला की सगळ्यांनाच हुरूप येतो. मलाही आला. चहा घ्यायला उठले, आणि परत येऊन विकल्या गेलेल्या वस्तूंची यादी उघडली तेव्हा तो ओसरला.

खपाची वाढ जवळजवळ सगळी एकाच वस्तूत होती. सगळ्यात मोठ्या हिऱ्यांच्या पेटीत, म्हणजे अमेरिकेत जी ९९.९९ डॉलरला आहे तिच्यात.

गेममधल्या वस्तूंच्या किमती ठरवणं हे माझं काम. लुडो तुर्कस्तानात घरोघरी खेळतात, फक्त नाव वेगळं: कझ्मा बिरादेर, म्हणजे ‘रागावू नकोस, भाऊ’. सोंगटी मारली गेली की माणूस चिडतो, म्हणून. हे नाव कळलं त्या दिवसापासून तो देश मला आपला वाटायला लागला होता. गेम फुकट आहे. हिरे विकत घेतले तर सोंगट्यांचे नवे रंग, पट, फाशांचे नवे प्रकार मिळतात. हिऱ्यांची तीच पिशवी अमेरिकेत एका भावाला, भारतात दुसऱ्या, तुर्कस्तानात तिसऱ्या.

त्या वर्षी मी घरूनच काम करत होते. आईने एकदा मागून स्क्रीनवर बघितलं आणि विचारलं, “अगं, एकाच वस्तूचे इतके भाव? हा काय न्याय?” मी तिला २०१५ ची गोष्ट सांगितली. त्या जुलैपर्यंत गूगल प्लेवर भारतात ५० रुपयांच्या खाली काही विकताच येत नव्हतं. मग ती मर्यादा १० रुपयांवर आणली. मी तेव्हा या धंद्यात नवीन होते. ५० रुपये म्हणजे कॉलेजच्या पोराचं एका वेळचं जेवण. तो खेळावर ते घालणार नाही. १० रुपये घालेल. आणि हिरे काही खाणीतून काढावे लागत नाहीत, एक पिशवी जास्त विकली म्हणून आमचा खर्च वाढत नाही. म्हणून ज्या गावात ज्याच्या खिशाला जे झेपेल ते घ्यायचं. आईला पटलं, पण तिने लगेच पुढचा प्रश्न टाकला: “मग अमेरिकेतला माणूस इथूनच का नाही घेणार?”

तो घेऊ शकत नाही, कारण स्टोअर खात्याचा देश बघतं. त्या देशातलं कार्ड लागतं, किंवा तिथलं गिफ्ट कार्ड. प्लेवर देश वर्षातून एकदाच बदलता येतो. या एका कुंपणावर सगळी वेगवेगळ्या भावांची व्यवस्था उभी आहे, आणि त्या सोमवारी ते कुंपण कुठे फाटलंय ते मला दिसत होतं.

हिशेब असा. फेब्रुवारीत आम्ही तुर्कस्तानच्या किमती नव्याने बसवल्या तेव्हा डॉलरला साधारण ७ लिरा (तिथलं चलन) होते. मोठी पेटी आम्ही ७४९.९९ लिरा ठेवली, करासकट. तिथला कर तेव्हा १८ टक्के, आपल्या जीएसटीइतकाच. (अमेरिकेत किंमत कराशिवाय दाखवतात, त्यामुळे दोन देशांचे भाव नुसते शेजारी ठेवून बघणारा नेहमी फसतो.) कर वजा जाता आमच्या हिशेबाला ९१ डॉलर यायचे, त्यातून स्टोअरचे ३० टक्के गेले की साधारण ६४. स्टोअरवर टाकलेली लिऱ्यातली किंमत आपोआप हलत नाही. आपण हलवली तरच हलते, आणि आम्ही दहा महिने हलवली नव्हती. दरम्यान तिथल्या मध्यवर्ती बँकेने सप्टेंबरपासून व्याजदर १९ टक्क्यांवरून खाली आणत आणत १६ डिसेंबरला १४ वर आणला होता. महागाई चढत असताना व्याजदर उतरवले की चलनाचं जे होतं ते झालं. त्या सोमवारी डॉलरला १८ लिरा मोजावे लागत होते. म्हणजे तीच पेटी आता बाहेरच्या माणसाला ४२ डॉलरच्या आत मिळत होती आणि आमच्या हाती २५ सुद्धा नीट पडत नव्हते. आमचा डॅशबोर्ड मात्र महिन्याच्या पहिल्या तारखेचा दर धरून आकडे दाखवायचा. पेढे त्या दराचे होते.

दुपारपर्यंत मी एकेक खातं उघडून बघत बसले. त्यातलं एक अजून डोळ्यांसमोर आहे. शुक्रवारी रात्री उघडलेलं. एकही डाव पुरा खेळलेला नाही, पहिल्या पटावर सोंगटी घरातून बाहेरसुद्धा काढलेली नाही. शनिवारी पहाटे चाळीस मिनिटांत अकरा पेट्या घेतल्या, सगळ्या गिफ्ट कार्डावर. आणि आमच्या गेममध्ये मित्राला हिरे भेट द्यायची जी सोय आहे, ती वापरून त्या अकराच्या अकरा पेट्या अकरा वेगवेगळ्या खात्यांत गेल्या. घेणारे कॅनडात, पोलंडमध्ये, सौदीत. एक जण ठाण्यातला होता. ती भेटीची सोय आम्ही दिवाळीसाठी केली होती, भावाने बहिणीला ओवाळणी म्हणून हिरे पाठवावेत म्हणून. तिच्यावर कुणीतरी दुकान थाटलं होतं.

तेवढ्यात सपोर्टच्या ताईंचा फोन आला. त्या आमच्यात सगळ्यांत जुन्या, ग्राहकांची पत्रं त्यांच्याकडे येतात. म्हणाल्या, “तुझ्यासाठी एक मेल पाठवलाय. आधी वाच, मग मीटिंगला ये.”

मेल तुर्कस्तानातल्या अदाना शहराहून होता. भाषांतराच्या यंत्रातून काढलेलं मोडकं इंग्रजी. माणूस शाळेत बस चालवायचा. दर शुक्रवारी रात्री तो आणि त्याची आई आमचा गेम खेळायचे, आई गावाकडे, तो शहरात. आणि दर शुक्रवारी तो आईसाठी सगळ्यात लहान पिशवी घ्यायचा, ७.९९ लिऱ्यांची. दोन गेम्सनी त्या आठवड्यात भाव दुप्पट केले होते. तुम्ही करणार असाल तर आधी सांगा, एवढंच त्याने विचारलं होतं. रागाचा एक शब्द नव्हता. मी त्याचं खातं उघडून बघितलं. ३१ शुक्रवार, ३१ पिशव्या.

पाच वाजता मीटिंग झाली. आमच्या सरांचं म्हणणं सरळ होतं: आजच रात्री सगळ्या किमती डॉलरच्या बरोबरीला आणा. ते लोभाने बोलत नव्हते. चाळीस जणांचे पगार त्यांना एकतीस तारखेला द्यायचे होते, आणि भोकातून पाणी जातंय म्हटल्यावर माणूस आधी भोक बुजवतो. मी शीट उघडून बरोबरीचा भाव काढून दाखवला. १०० डॉलर, गुणिले १८, वर १८ टक्के कर: २,१२४ लिरा. मग शेजारच्या रकान्यात तुर्कस्तानचं किमान वेतन लिहिलं. २०२१ साली ते हातात महिन्याला २,८२५ लिरा होतं. एक पेटी म्हणजे महिन्याचा पाऊण पगार. मोठी पेटी कोणी बसवाला घेत नाही हे खरंच, पण लहान पिशवीही त्याच हिशेबाने ८ वरून २१ लिऱ्यांवर जात होती. लिरा पडला म्हणून त्या माणसाचा पगार वाढलेला नव्हता. जानेवारीपासून किमान वेतन ४,२५३ होणार असं चारच दिवसांपूर्वी, गुरुवारी जाहीर झालं होतं, म्हणजे दीडपट. आम्ही त्याच्याकडून अडीचपटीहून जास्त मागणार होतो. इस्तंबूलमध्ये पालिकेच्या स्वस्त पावासाठी रांगा लागल्याच्या बातम्या त्या आठवड्यात आपल्याकडच्या पेपरांतही येत होत्या.

मी म्हटलं, सर, चोरी किमतीतून होत नाहीये, भेटीच्या दारातून होतेय. दार बंद करू. ते म्हणाले, “दार बंद कर आणि भावही वाढव. रात्री टाक.” वाद घालायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं खोडून काढण्याएवढी खात्री माझ्याकडेही नव्हती.

जेवण झाल्यावर बसले. आमच्या गेममध्ये ३४ वस्तू, प्रत्येकीचा लिऱ्यातला भाव नव्याने काढायचा, शेवट ९९ करायचा, तपासायचा आणि स्टोअरवर चढवायचा. शेजारच्या टॅबमध्ये विनिमय दर उघडा ठेवला होता. साडेदहाच्या सुमाराला १८ च्या पुढे होता. साधारण अकराला मी वर बघितलं तर १६. मला वाटलं पान बिघडलं. परत उघडलं, १५. मग बातम्या लावल्या. अंकारात मंत्रिमंडळाच्या बैठकीनंतर राष्ट्राध्यक्ष एर्दोगान बोलले होते: लिऱ्यात ठेवी ठेवणाऱ्यांचं चलन पडल्यामुळे जे नुकसान होईल ते सरकार भरून देईल. एवढ्या एका घोषणेने लिरा उलटा धावायला लागला होता. मध्यरात्रीच्या आसपास १३.

माझ्या शीटमध्ये ३४ पैकी २९ भाव १८ च्या दराने भरलेले होते. ते तासाभरापूर्वी चढवले असते तर सकाळी तुर्कस्तानातला माणूस लुडोच्या हिऱ्यांना अमेरिकेतल्या माणसापेक्षा कितीतरी जास्त मोजत असता. मी सरांना फोन केला. ते जागेच होते, तेही तेच बघत होते. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग ते म्हणाले, “ती पिशवी किती होती? त्या बसवाल्याची?” मी म्हटलं, ७.९९. “तिला हात नको लावू.”

त्या रात्री आम्ही फक्त दारं लावली. नव्या खात्याला पहिले सात दिवस भेट देता येणार नाही. मोठी पेटी दिवसाला एकच. लहान तीन पिशव्या होत्या त्या भावाला ठेवल्या आणि मोठ्या वस्तू पुढच्या चार महिन्यांत टप्प्याटप्प्याने वाढवल्या. ताईंनी अदानाला उत्तर पाठवलं, शेवटी त्यांनी स्वतः तुर्कीत शोधून काढलेलं ‘कझ्मा बिरादेर’ लिहिलं होतं.

एक नियम मात्र मी घाईत लिहिला, आणि त्याची जबाबदारी माझीच आहे. तुर्कस्तानच्या खात्यावरून मोठी पेटी घेतलेली, पण फोन तुर्कस्तानाबाहेर आणि फोनची भाषा तुर्की नाही, अशी सगळी खाती मी पहाटे दोनला गोठवली. चौसष्ट होती. बहुतेक दलालांचीच होती. पण त्यात एक बाई निघाल्या. जर्मनीत राहणाऱ्या, जन्माने तुर्की. फोन जर्मन भाषेत, कारण नोकरी जर्मन. कार्ड तुर्कस्तानातल्या बँकेचं, कारण त्यांची बचत अजून तिथेच. दीड वर्ष त्या आमच्याकडे खेळत होत्या आणि नाताळच्या सुट्टीत भाचरांना द्यायला म्हणून त्यांनी एक, फक्त एक पेटी घेतली होती.

हे मला कळायला हवं होतं. माझा मामा पंचवीस वर्षं मस्कतला आहे. त्याचं प्ले खातं भारतातलं, कार्ड नगरच्या बँकेचं, आणि नातवाला तो गेममधल्या वस्तू रुपयांतच घेऊन देतो. त्याला कोणी चोर म्हटलं असतं तर मी भांडायला उठले असते. लाखो माणसं अशी दोन देशांत पाय ठेवून जगतात, आणि माझ्या नियमात त्यांच्यासाठी ओळच नव्हती.

आता त्या नियमात खात्याचं वय आणि खेळलेले डाव आधी बघितले जातात, फोनची भाषा नाही. शीटमध्ये किमान वेतनाचा रकाना प्रत्येक देशासमोर आहे आणि दर तीन महिन्यांनी मी तो भरते. लिरा ऑगस्ट २०२२ मध्ये परत १८ च्या पुढे गेला, पण तोवर आमचे भाव पायरी पायरीने तिथे पोचत आले होते. बाकीच्यांनी वेगळे मार्ग धरले. संगणकावरचे खेळ विकणाऱ्या स्टीमने २० नोव्हेंबर २०२३ पासून तुर्कस्तान आणि अर्जेंटिनात स्थानिक चलन बंदच केलं, तिथे आता भाव डॉलरमध्येच लागतात. आमच्याकडेही तो विषय दोनदा निघाला. दोन्ही वेळा सरांनीच तो बाजूला ठेवला.

जर्मनीतल्या त्या बाईंनी चार मेल पाठवले. पहिला आश्चर्याचा, दुसरा कार्डाच्या फोटोसकट, तिसरा रागाचा. चौथ्यात त्यांनी फक्त दीड वर्षातल्या डावांचा आकडा लिहिला होता. सुट्टीचे दिवस, अर्धी टीम रजेवर, आणि दलालांच्या तक्रारींच्या ढिगात त्यांची पत्रं खाली गेली. त्यांचं खातं नवव्या दिवशी उघडलं. मी स्वतः माफीचं पत्र लिहिलं, पेटीचे पैसे परत केले आणि पेटीही राहू दिली. ती तिथे अजून तशीच आहे. त्या खात्यावरून त्यानंतर एकही डाव खेळला गेलेला नाही.