आंब्याखाली मांडव

आज ताईच्या लग्नाची जागा बघायला वाईजवळ मामाच्या शेतात गेलो, म्हणजे जागा ठरलेलीच होती, मांडव नेमका कुठे घालायचा एवढंच बघायचं होतं आणि त्यात अख्खा दिवस गेला. ताईला हॉल नकोच आहे. दीडशे माणसं, गोरज मुहूर्त, आंब्याखाली पंगत, बास. ऐकायला किती सोपं ना!

मामा अनवाणी पावलं मोजत पुढे, मी मागून फक्कीने रेघ मारतोय, आणि मामा मध्येच थांबून म्हणतो, "अरे इथनं पाट जातो, त्या दिवशी पाण्याची पाळी आली तर नवरदेव चिखलात." मग सगळी रेघ पायाने पुसून पुन्हा पहिल्यापासून 😅

त्यात शेतातली थ्री फेज लाइट कधी दिवसा कधी रात्री, म्हणजे जनरेटर आलाच. आचाऱ्याला जिलेबीची कढई वाऱ्याच्या आडोशाला पाहिजे, म्हणून चूल गोठ्यामागे. आणि डिसेंबरात सहाला सूर्य गेला की जो गारठा पडतो, रात्री तर दवाने खुर्च्या ओल्या. डेकोरेटर आपला मोबाईलवर झुंबरं दाखवतोय, आजी कुठे बसणार ते कोणी विचारेना. शेवटी शेकोटीची जागा आधी ठरवली, स्टेजची नंतर.

आईचं मात्र सकाळपासून एकच, "बाथरूमचं काय?" आम्ही सगळे गप्प. फिरती चार सांगितलीत आता.

ताई? ती बांधावर बसून ओल्या शेंगा खात होती, नवरी कोण तेच कळेना.