अरुबा: ईगल बीचवरचा एक रिकामा दिवस

अरुबा या कॅरिबियन समुद्रातल्या डच बेटावर वारा कुठून येतो एवढं कळलं की अर्धं नियोजन झालं. वर्षाचे बहुतेक दिवस तो पूर्वेकडून येतो, आणि झुळझुळ नव्हे, चांगला भणाणत. त्यामुळे बेटाचा उत्तर-पूर्वेचा किनारा म्हणजे काळे खडक आणि त्यावर आपटणाऱ्या लाटा. तिथे फोटो काढावेत, पाण्यात पाय घालू नये. पोहायचं ते पश्चिमेला. मध्ये बेट आडवं येतं, म्हणून त्या बाजूला समुद्र बराच शांत असतो. ईगल बीच, त्याच्या थोडं उत्तरेला उंच हॉटेलांची रांग असलेला पाम बीच, आणि आणखी वर मालमोक, बोका कातालिना, आराशी, हे सगळे याच बाजूचे.

आम्ही दोघं न्यू जर्सीहून गेलो. न्यूअर्कहून थेट विमानाने पाच तासांच्या आत पोचता येतं, आणि घड्याळही फारसं हलवावं लागत नाही: उन्हाळ्यात न्यूयॉर्कचीच वेळ, हिवाळ्यात एक तास पुढे. नवऱ्याची यादी तयार होती. आरिकोक राष्ट्रीय उद्यान, कॅलिफोर्निया दीपगृह, आणि ‘अँटिला’ हे बुडालेलं जर्मन मालवाहू जहाज. १९४० च्या मे महिन्यात डच ते ताब्यात घ्यायला आले तेव्हा खलाशांनी ते स्वतःच बुडवलं. आता तिथे स्नॉर्केलिंगच्या बोटी जातात. यादीला माझी हरकत नव्हती. एक दिवस मात्र गाडी काढायची नाही, तिकीट काढायचं नाही आणि ‘आता पुढे काय’ असं विचारायचं नाही, एवढं मी कबूल करून घेतलं होतं. हा वृत्तांत त्याच दिवसाचा, कारण अरुबात सर्वात मोलाचं जे आहे ते असं बसून राहिल्यावरच मिळतं असं माझं ठाम मत झालं आहे.

त्या दिवसासाठी पाम बीच की ईगल बीच? पाम बीचवर पाणी अधिक शांत, पण जेट-स्की, बोटींचे धक्के, बारमधली गाणी आणि माणसांची दाटी. ईगल बीचवर हॉटेलं बुटकी आणि बहुतेक रस्त्याच्या पलीकडे, त्यामुळे वाळूचा पट्टा मोकळा आणि खूप रुंद. निवांतपणा हवा असेल तर दुसरा विचार करू नका. इतक्या देखण्या किनाऱ्याला हे नाव एकेकाळी जवळच असलेल्या तेलशुद्धीकरण कंपनीवरून पडलं आहे, हे तिथे बसून खरं वाटत नाही.

सकाळी लवकर जा, फार तर आठपर्यंत. किनाऱ्यावर झावळ्यांच्या छपराच्या छत्र्या असतात, त्यांना तिथे ‘पलापा’ म्हणतात. सावलीचा भरवशाचा आधार तोच, कारण सोबत नेलेली छत्री त्या वाऱ्यात टिकत नाही. अरुबात सगळे किनारे सार्वजनिक आहेत, वाळूवर बसायला कोणी मनाई करू शकत नाही. पण बऱ्याच पलापा हॉटेलांनी आपल्या पाहुण्यांसाठी राखलेल्या असतात आणि हॉटेलातली मंडळी पहाटेच टॉवेल टाकून जागा धरतात (एसटीत रुमाल टाकणाऱ्या आपल्या लोकांना हे नवीन नाही). सार्वजनिक पलापा फुकट असतात आणि जो आधी येईल त्याच्या. खुर्च्या भाड्याने मिळतात. बसण्याआधी दर विचारा, आणि तो डॉलरमध्ये सांगताहेत की फ्लोरिन या तिथल्या चलनात तेही विचारा.

मी दापोलीकडची. समुद्रावर गेलं की भरती-ओहोटीचं गणित डोक्यात आपोआप सुरू होतं. इथे ते बंदच पडलं. मुंबईला मोठ्या उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटरच्या वर फरक पडतो. अरुबात तो जेमतेम फूटभर. सकाळी पाण्यापासून दहा पावलांवर ठेवलेली खुर्ची दुपारीही दहा पावलांवरच असते. ओली पुळण नाही, चिखल नाही, खेकड्यांची भोकं शोधत चालणं नाही. पहिला तासभर मला चुकल्याचुकल्यासारखं होत होतं, पण नंतर त्याचा फायदा उमगला: दिवसभर काहीही हलवावं लागत नाही. वाळू प्रवाळ आणि शिंपल्यांच्या चुऱ्याची, पांढरी, त्यामुळे भर दुपारीही पायाला चटके बसत नाहीत.

पाण्याचा रंग फोटोत दिसतो तसाच आहे. ईगल बीचवर किनाऱ्याशी छोटी लाट फुटते आणि तळ पाम बीचपेक्षा लवकर खोल होतो. पोहता येत नसेल तर कमरेएवढ्या पाण्यात थांबा; मदतीला जीवरक्षक असेलच असं धरून चालू नका. आणि इथे पुन्हा वारा आलाच. तो जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, म्हणजे हवा भरलेल्या गादीवर डोळे मिटून पडलात तर ती सावकाश पण नेमाने तुम्हाला आत नेते. मोठ्या लाटा नसल्यामुळे ते जाणवतही नाही. गादीला दोरी बांधा आणि दोरी धरायला एक माणूस उथळ पाण्यात उभा ठेवा. आमच्याकडे हे काम नवऱ्याने आनंदाने केलं, कारण निदान काहीतरी काम मिळालं.

वाऱ्याचा दुसरा डाव उन्हाचा. अरुबा साडेबारा अंश अक्षांशावर आहे, सूर्य जवळजवळ डोक्यावरून जातो. पण घाम अंगावर ठरत नाही, उकडत नाही, आणि म्हणून भाजल्याचं संध्याकाळीच कळतं. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घ्या, दर दोन तासांनी क्रीम लावा. ऑक्सिबेन्झोन हे रसायन असलेल्या सनस्क्रीनवर अरुबात २०२० पासून बंदी आहे, तेव्हा झिंक ऑक्साइडवालं घरूनच न्या. तिथल्या दुकानांत महाग मिळतं. टोपीला हनुवटीखाली बांधायची नाडी हवीच. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. नळाचं पाणी समुद्राचंच गोडं केलेलं आहे आणि पिण्याजोगं, चवीलाही छान.

किनाऱ्यावर दोन वाकडी झाडं आहेत, अरुबाच्या निम्म्या जाहिरातींत तीच असतात. लोक त्यांना ‘दिवी-दिवी’ म्हणतात, पण ती खरं तर ‘फोफोती’. वाऱ्याने दोन्ही झाडांची गत एकच केली आहे, सगळा शेंडा पश्चिमेकडे लोटलेला. फोटोसाठी दिवसभर रांग असते. सकाळी आल्याआल्या उरकून टाका.

दुपारच्या खाण्याचं. ‘पास्तेची’ म्हणजे तळलेली, करंजीच्या आकाराची पुरी. आत चीज, चिकन किंवा बीफ. स्थानिक लोक ती न्याहारीला खातात, म्हणून सकाळीच बांधून घ्या, दुपारपर्यंत संपते. चीजला ‘केशी’ म्हणतात. शाकाहाऱ्यांनी एवढा शब्द पाठ करावा. बाकी शाकाहार थोडा चिकाटीचा आहे: मक्याच्या पिठाची ‘फुंची’, ‘पान बाती’ हे जाडसर गोडूस धिरडं, तळलेली केळी. आम्ही ईगल बीचजवळच्या मोठ्या डच सुपरमार्केटमधून गौडा चीज, पाव, आंबे आणि दही घेतलं होतं. कशाला लाजायचं? किनाऱ्यावरच्या रेस्तराँत दोघांच्या जेवणाला जे जातं त्यात आमचं दोन दिवसांचं खाणं झालं. मासे खाणाऱ्यांनी मात्र दुसऱ्या एखाद्या दिवशी सावानेता गावाच्या धक्क्यावर जाऊन ताजे तळलेले मासे खावेत. ते चुकवू नका.

मार्च ते सप्टेंबरच्या दरम्यान वाळूत काठ्या आणि फिती लावून आखलेले चौकोन दिसतील. लेदरबॅक कासवांची ती घरटी आहेत. ‘टर्टुगारूबा’ संस्थेचे स्वयंसेवक त्यांची राखण करतात. चौकोनाजवळ छत्री रोवू नका, रात्री टॉर्च किंवा फ्लॅश मारू नका. वेळासचा कासव महोत्सव पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

सूर्य समुद्रातच मावळतो, हिवाळ्यात सव्वासहाच्या सुमाराला, उन्हाळ्यात सातला. तोपर्यंत पलापा रिकाम्या होऊ लागतात, आणि वाळूत टेबलं मांडून जेवायला घालणाऱ्या रेस्तराँत भाव चढतात. तसं जेवायचंच असेल तर आधी आरक्षण करा. बिलात सेवाशुल्क बहुधा आधीच धरलेलं असतं, ते पाहून मग टिप ठेवा. परतताना टॅक्सीला मीटर नसतो. भाडी ठिकाणानुसार ठरलेली असतात, बसण्याआधी विचारून घ्या. राजधानी ओरान्येस्तादहून हॉटेलांच्या रस्त्याने सार्वजनिक बसही जाते आणि ती बरीच स्वस्त. डॉलर सगळीकडे चालतात, सुटे मात्र फ्लोरिनमध्ये मिळतात. पन्नास सेंटचं चौकोनी नाणं हाती आलं तर ते खर्च करवत नाही.

कधी जावं? अरुबा चक्रीवादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला पडतं, म्हणून एप्रिलच्या मध्यानंतर, गर्दी ओसरल्यावर, स्वस्तात जाता येतं. मे ते जुलै वारा सर्वात जोरात असतो. ज्यांना वाऱ्याने डोकं दुखतं त्यांनी ते महिने टाळावेत.

कागदपत्रांकडे नीट लक्ष द्या. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू मल्टिपल एंट्री व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर अरुबाचा वेगळा व्हिसा लागत नाही. निघण्याआधी ऑनलाइन ‘ईडी कार्ड’ हा प्रवेशाचा फॉर्म भरायचा असतो आणि त्यातच माणशी २० डॉलरचं शुल्क. एच-वन-बी या अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिसावर असून पासपोर्टातला व्हिसाचा शिक्का संपला असेल तर जाऊच नका. कॅनडा-मेक्सिकोच्या छोट्या फेरीनंतर संपलेल्या शिक्क्यावरही अमेरिकेत परतण्याची जी सवलत मिळते ती तुम्हाला इथे लागू होत नाही. परतीचं अमेरिकन इमिग्रेशन अरुबाच्या विमानतळावरच होतं, आणि शनिवार-रविवारी तिथे लांबलचक रांगा लागतात. विमानाच्या तीन तास आधी पोचा. बॅगेत वाळू, शिंपले किंवा प्रवाळाचे तुकडे ठेवू नका; ते बेटाबाहेर नेण्यास बंदी आहे आणि तपासणीत काढून घेतात.