चौथ्या पिनचा कोपरा

मे महिन्यात रावेरकडचे एक केळी बागायतदार 1951 सालच्या शेवरोले ट्रकचा क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनची वर-खाली हालचाल फिरतीत बदलणारा दांडा, गोणपाटात गुंडाळून माझ्या जळगावच्या वर्कशॉपमध्ये घेऊन आले. 216 घनइंचांचे हे सहा सिलिंडरचे इंजिन. पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या त्याच्या कनेक्टिंग रॉडना शेल बेअरिंग (बदलता येणारी सुटी अर्धगोल पात) नसते, व्हाइट मेटल (मऊ मिश्रधातू) ओतलेले असते, आणि तेल दाबाने न पोहोचता रॉडच्या खालची पळी ते उडवते. क्रँकला भोके पाडून बिगएंडपर्यंत, म्हणजे रॉडच्या क्रँकवर बसणाऱ्या टोकापर्यंत, दाबाचे तेल न्यावे, अशी त्यांची मागणी होती. मोबाइलवर पाहून आलेल्या मागण्यांची मला आता सवय झाली आहे.

क्रँक ज्यांवर फिरतो ती मेन बेअरिंग चारच असल्यामुळे दोन मेनच्या मध्ये दोन-दोन पिना, म्हणजे रॉड बसतात ते गोल भाग, येतात. म्हणजे पहिल्या मेनमधून पहिल्या पिनेला, दुसऱ्यातून दुसऱ्या-तिसऱ्या, तिसऱ्यातून चौथ्या-पाचव्या आणि शेवटच्यातून सहाव्या पिनेला तिरके भोक पाडायचे, आणि प्रत्येकाचे तोंड घासून गोल करायचे, नाहीतर तडा तिथूनच सुरू होतो. सरळ रांगेतल्या सहा सिलिंडरचा तोल उत्तम जमतो, म्हणून क्रँकवर ताण नसतो असे लोक धरून चालतात. प्रत्यक्षात एवढ्या लांब शाफ्टला प्रत्येक स्फोटाबरोबर पीळ बसतो, आणि दोनच पिनांआड आधार असेल तर तो वाकतोही.

ड्रिल लावण्याआधी क्रँक रॉकेलमध्ये भिजवला, कोरडा पुसला, खडूची पूड स्पिरिटमध्ये कालवून लावली आणि वाळल्यावर वेबवर, म्हणजे पिनेच्या बाजूच्या जाड पाखावर, हलकेच हातोडी मारली. तड्यातले रॉकेल खडूत उतरून चौथ्या पिनेच्या कोपऱ्यात केसाएवढी काळी रेघ उमटली. तिथे रेडियस, म्हणजे कोपऱ्याची गोलाई, जवळजवळ नव्हताच. घासायचा स्टोन हिऱ्याने ड्रेस न करता, म्हणजे त्याची कड गोल न घडवता, कोणीतरी घाईने वीस थाऊ (इंचाचे हजारावे भाग) काढले होते. अशा आळशी ग्राइंडरांना मी मोठ्याने शिव्या घातल्या.

मग वेब पुसला. त्यावर किती थाऊ काढले ते सांगणारे ‘20’ ठोकलेले होते, आणि त्यातल्या 2 ची शेपटी तुटकी होती. तो पंच आजही माझ्या खणात आहे. उमेदवारीत तो माझ्याशिवाय कोणी वापरत नसे.

“नाना, वेल्डिंग भरून जमणार नाही का?” त्यांनी विचारले. नाही म्हणालो, त्या उष्णतेने शाफ्ट वाकतो आणि भरावाच्या कडेला पुन्हा फाटतो. दुसरा क्रँक शोधायला सांगितले. दोष माझ्या कोपऱ्याचा की इतक्या वर्षांच्या ओझ्याचा, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. क्रँक अजून माझ्याकडेच उभा टांगलेला आहे, आणि तो आकडा मी त्यांना दाखवलेला नाही.