तुम्ही विचारलंत म्हणून: परदेशातल्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत जाण्याआधी

बी.एड. संपत आलेली मुलं विचारतात, नुकत्याच निवृत्त झालेल्या शिक्षिका विचारतात, नोकरीतून काही महिन्यांची रजा काढलेली नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीतली इंजिनिअर मंडळीही विचारतात. प्रश्न साधारण तोच असतो: "परदेशात कर्णबधिर मुलांच्या शाळेत स्वयंसेवक म्हणून जायचंय. कुठे जाऊ, किती दिवस जाऊ आणि आधी काय शिकू?" फोनवर दर वेळी काहीतरी सांगायचं राहून जातं, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

तिन्ही उत्तरं एका गोष्टीवर अवलंबून आहेत. कर्णबधिर मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त मुलांच्या आईवडिलांना नीट ऐकू येतं. त्यामुळे घरात खुणांची भाषा कोणालाच येत नाही. जेव, झोप, नको, तिकडे जा, एवढ्या हातवाऱ्यांवर दिवस निघतो. आजीची गोष्ट त्या मुलापर्यंत पोहोचत नाही. पाहुणे का आले, काका का रागावले, उद्या कुठे जायचंय, हे त्याला कोणी सांगत नाही. पहिली भरभक्कम भाषा मिळते ती शाळेत, आणि तिथेही पुष्कळदा शिक्षकांपेक्षा वसतिगृहातल्या मोठ्या मुलांकडून. मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वात 1970 च्या दशकाच्या अखेरीस राजधानी मानाग्वाच्या शाळेत कर्णबधिर मुलं पहिल्यांदाच मोठ्या संख्येने एकत्र आली. शिक्षक स्पॅनिश बोलायला आणि ओठ वाचायला शिकवत होते, पण मुलांनी मैदानात आणि बसमध्ये आपापसात स्वतःची भाषा घडवली. तीच आज निकाराग्वाची सांकेतिक भाषा म्हणून ओळखली जाते.

म्हणजे अशा मुलाच्या दिवसात भाषेचे तास मोजकेच असतात. ज्याला त्यांची भाषा येत नाही असा माणूस हौसेने वर्गावर उभा राहिला, की त्यातला एक तास वाया जातो. म्हणून माझं पहिलं सांगणं असतं: शिकवायला जाऊ नका, शिकवणाऱ्याच्या हाताखाली काम करायला जा. शक्य असेल तर तो शिकवणारा स्वतः कर्णबधिर असावा. शाळेला पत्र लिहाल तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा, की तुमच्याकडे कर्णबधिर शिक्षक किती आहेत? एकही नसेल आणि तरीही "या, इंग्रजीचा वर्ग तुम्हीच घ्या" असं उत्तर आलं, तर दुसरी शाळा शोधा.

आता कुठे जायचं. खुणांची भाषा जगभर एकच असते, हा गैरसमज फार खोलवर रुजलेला आहे. ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे इंग्रजी बोलतात, पण ब्रिटिश आणि अमेरिकन सांकेतिक भाषा एकमेकींना कळत नाहीत. अमेरिकेत 1817 मध्ये हार्टफर्डला शाळा निघाली तेव्हा पॅरिसचे कर्णबधिर शिक्षक लोराँ क्लेर्क तिथे शिकवायला आले, त्यामुळे अमेरिकन भाषेचं नातं फ्रेंच सांकेतिक भाषेशी आहे. पुढे अँड्र्यू फॉस्टर या कर्णबधिर अमेरिकन शिक्षकाने 1957 मध्ये घानात शाळा काढली आणि मग आफ्रिकेतल्या अनेक देशांत. तिथल्या खुणांवर म्हणूनच अमेरिकन छाप दिसते.

आपल्यासाठी याचा व्यवहारातला अर्थ असा. भारतीय सांकेतिक भाषेत इंग्रजी अक्षरं दोन हातांनी काढतात, स्वर एका हाताच्या पाच बोटांच्या टोकांवर दाखवतात. केनियात अक्षरं एकाच हाताने काढतात. नाशिकहून शिकून गेलेली व्यक्ती तिथे आपलं नाव अक्षरांनी सांगायला लागली, तर मुलं नुसती हातांकडे बघत राहतील. इथलं शिकलेलं वाया जात नाही, कारण हात, डोळे आणि चेहरा एकत्र वापरायची सवय कुठेही कामी येते. पण तिथली भाषा नव्याने शिकावीच लागते. शिवाय आपल्या खुणा तिथल्या मुलांना शिकवायच्या नाहीत. त्यांची खूण चुकलेली नाही, ती त्यांची आहे.

मराठी माणसाने पहिल्यांदा जायचं तर मी नेपाळ सुचवते. तिथली सांकेतिक भाषा वेगळी असली तरी फळ्यावर देवनागरी असते आणि बोटांनी अक्षरं काढायची पद्धतही देवनागरीचीच आहे, तीही एका हाताची. क, ख, ग आपल्याला पाठच असतात, फक्त बोटं शिकायची. काठमांडूच्या नक्साल भागातली कर्णबधिर शाळा 1966 पासून चालू आहे, त्यामुळे शिकून मोठी झालेली कर्णबधिर माणसंही तिथे आहेत. भारतीयांना व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. रेल्वेने जायचं तर नाशिकरोडहून गोरखपूर, तिथून बसने किंवा जीपने सुनौलीची सीमा आणि पुढे काठमांडूची बस. शाळेचं वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला सुरू होतं. दशैं-तिहारच्या, म्हणजे तिथल्या दसरा-दिवाळीच्या सुट्ट्या लांबलचक असतात, तेव्हा ऑक्टोबरात जाऊन शाळा बंद सापडली असं होऊ देऊ नका.

आफ्रिकेत जायचं असेल तर दोन गोष्टी आधी बघा. पर्यटनाच्या परवान्यावर बिनपगारी कामसुद्धा अनेक देशांत चालत नाही. कोणता परवाना लागेल आणि त्यासाठी कागद कोण देणार, हे शाळेकडून लेखी घ्या. दुसरं म्हणजे पिवळ्या तापाची लस, तिथल्या बऱ्याच देशांसाठी ती लागते. ती प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते, ठराविक केंद्रांतच मिळते आणि तिचं प्रमाणपत्र परतताना भारतातही मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

किती दिवस? दोन आठवडे नकोच. किमान तीन महिने, जमलं तर शाळेचं एक पूर्ण सत्र. पहिला महिना तुम्ही विद्यार्थीच असता, दुसऱ्या महिन्यात मुलं तुम्हाला गृहीत धरायला लागतात, आणि खरा उपयोग होतो तो तिसऱ्यात. रजा दोनच आठवड्यांची असेल तर ती इथेच खर्च करा. नाशिकमध्ये माई लेले श्रवण विकास विद्यालयासारख्या शाळा आहेत. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. वर्गाच्या मागे बसू देतील का, ग्रंथालयात किंवा खेळाच्या तासाला मदतीची गरज आहे का, ते विचारा. परीक्षा असतील तर नाही म्हणतील. मग पुढच्या सत्रात पुन्हा जा.

तयारीला आठ-दहा महिने धरा. दिल्लीतल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राच्या कोशात 2021 पासून 10,000 शब्द आहेत आणि त्याचे व्हिडिओ फुकट बघता येतात. रोज दहा-पंधरा शब्द पुरे. पण कोश पाहून भाषा येत नाही, शब्दच येतात. वाक्य येतं ते कर्णबधिर माणसांत बसून. प्रश्नार्थक खूण सहसा शेवटी येते, "तुझं नाव काय?" या आपल्या वाक्यासारखीच, त्यामुळे मराठी माणसाला ही रचना इंग्रजीपेक्षा जवळची वाटते. जड जातो तो चेहरा. हो-नाहीचा प्रश्न विचारताना भुवया वर जाव्या लागतात. त्या जागच्या हलल्या नाहीत तर प्रश्न विचारलाय हेच समोरच्याला कळत नाही.

"पण मुलं ओठ वाचतात ना?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता म्हणून बघा: पान, भान, मान. ओठ तिन्ही वेळा सारखेच हलतात. क, ग, घ तर घशाजवळ तयार होतात, ते दिसतच नाहीत. ज्याला भाषा आधीपासून येते तो संदर्भावरून उरलेलं भरून काढतो, पण जो भाषा शिकतोच आहे त्याने कशावरून भरायचं? 1880 मध्ये इटलीत मिलानला भरलेल्या कर्णबधिरांच्या शिक्षणावरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने शाळांतून खुणा हटवून फक्त बोलण्यावर भर द्यायचा ठराव केला. त्याचा परिणाम शंभर वर्षांहून जास्त काळ टिकला आणि तो ठराव चूक होता हे त्याच परिषदेच्या 2010 च्या व्हँकूव्हर अधिवेशनात मान्य झालं. आजही काही शाळा फक्त बोलण्यावर चालतात, काही खुणांवर, काही दोन्हींवर. तुमची शाळा कुठली ते जाण्याआधी विचारा आणि तिथे तिच्या पद्धतीने वागा. वाद घालायला पाहुणा जात नाही.

वर्गातल्या कामाबद्दल थोडं बारकाईने सांगते, कारण चुका तिथेच होतात. आठ-दहा मुलं घोड्याच्या नालासारखी बसवलेली असतात, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाचे हात दिसतात. खिडकीकडे पाठ करून उभं राहू नका. उजेड मागून आला की तुमचा चेहरा काळा पडतो आणि चेहऱ्यावरचं व्याकरण सगळं जातं. चौकड्यांचा शर्ट किंवा मोठ्या फुलांची ओढणी नको, त्यावर हात हरवतात. त्वचेच्या रंगापेक्षा वेगळा, एकरंगी कपडा बरा. लक्ष वेधायचं तर हात हलवा, खांद्यावर हलकं थोपटा किंवा दिवा एकदा बंद-चालू करा. खडू फेकणं, हनुवटी धरून तोंड वळवणं, डोक्यावर टपली मारणं, यातलं काहीही चालत नाही.

नव्या माणसाची सगळ्यात मोठी चूक वेगळीच असते. ऐकणाऱ्या मुलांच्या वर्गात आपण म्हणतो, "बारावं पान काढा, त्यातलं चित्र बघा, झाडाखाली कोण बसलंय?" मुलं पान शोधता शोधता ऐकत असतात. कर्णबधिर मुलाला हे शक्य नाही. त्याची नजर पुस्तकात असेपर्यंत तुम्ही त्याच्यासाठी गप्प असता. म्हणून सांगा, थांबा. सगळ्यांना पान सापडू द्या. नजरा परत वर आल्या की चित्र बघायला सांगा, परत थांबा. शेवटच्या मुलाची नजर वर येईपर्यंत प्रश्न विचारायचा नाही. 35 मिनिटांच्या तासात तुमच्या नेहमीच्या निम्म्या सूचना बसतात, तेव्हा धड्याची आखणी तेवढीच करा. फळ्यावर लिहिताना बोलायचं नाही. लिहून झाल्यावर वळायचं, एक-दोन सेकंद थांबायचं आणि मग हात उचलायचे.

सकाळी श्रवणयंत्रं तपासायला मदत करणं हे स्वयंसेवकाला जमणारं आणि शाळेला खरंच लागणारं काम आहे. आधी ते इथल्या ऑडिओलॉजिस्टकडून, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडून शिकून घ्या. कानात बसणाऱ्या साच्यात मळ आहे का, नळीत पाण्याचे थेंब आहेत का, नळी पिवळी आणि कडक झाली आहे का, ते बघायचं. मग टेस्टरवर सेल तपासायचा. यंत्र चालू करून मुठीत धरलं की शिट्टी यायला हवी. मुलाच्या कानात असताना शिट्टी येत असेल तर साचा सैल झालाय. कान वाढतो, साचा वाढत नाही, त्यामुळे लहान मुलांचे साचे काही महिन्यांनी बदलावे लागतात. यंत्राचा आवाज स्वतः ऐकण्यासाठी स्टेथोस्कोपसारखी नळी मिळते. आवाजाचं बटण अगदी कमी करूनच ती कानाला लावा. तीव्र बहिरेपणासाठी बनवलेलं यंत्र तुमच्या कानाला इजा करू शकतं. शेवटी मुलाने ओठ बघू नयेत म्हणून तोंडासमोर कागद धरून सहा आवाज काढायचे: म, ऊ, आ, ई, श, स. ऐकलं की मूल मणी डब्यात टाकतं. कालपर्यंत "श"ला पडणारा मणी आज पडला नाही, तर ते शिक्षकांना लगेच सांगा.

सेलचंही सांगते. श्रवणयंत्राचा सेल हवेवर चालतो. त्याचं रंगीत स्टिकर काढलं की मिनिटभर उघडा ठेवायचा आणि मगच यंत्रात घालायचा. एकदा काढलेलं स्टिकर परत चिकटवून सेल वाचत नाही. जास्त ताकदीच्या यंत्रांना निळ्या स्टिकरचा 675 आकड्याचा सेल लागतो, मध्यम यंत्रांना नारिंगीचा 13. भेट न्यायचीच असेल तर शाळेला आकडा विचारून हेच न्या. रात्री सेल काढून यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवलं की ओल निघून जाते. आजोबांचं जुनं श्रवणयंत्र मात्र नेऊ नका. ते आजोबांच्या ऑडिओग्रामप्रमाणे, म्हणजे त्यांच्या श्रवणचाचणीच्या आलेखाप्रमाणे लावलेलं असतं, आणि ऑडिओलॉजिस्टने नव्याने लावल्याशिवाय ते मुलाच्या कानात घालणं धोक्याचं आहे.

कागदपत्रांत पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट हवंच. त्यासाठी पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर अर्ज करता येतो. जी शाळा हे न मागता तुम्हाला वसतिगृहात राहू देते, ती आणखी कोणाकोणाला राहू देत असेल याचा विचार करा. आपल्यावर काय बेतलं हे सांगायला ज्या मुलांकडे पुरेसे शब्द नसतात, त्यांच्याबाबत सगळ्यात जास्त खबरदारी घ्यायची असते. मुलासोबत बंद खोलीत एकटं थांबू नका. फोटो काढण्याआधी शाळेची लेखी परवानगी घ्या आणि मिळाली तरी चेहरे कुठेही टाकू नका. मधली संस्था हजारो रुपये मागत असेल तर त्यातले शाळेला किती जातात, ते आकड्यांनिशी विचारा.

तिथे गेल्यावर स्वतःचं खुणेचं नाव, म्हणजे ज्या एका खुणेने तुम्हाला ओळखतील ती, स्वतः ठरवू नका. ते मुलं देतील, बहुधा चष्म्यावरून, गालावरच्या तिळावरून किंवा तुमच्या एखाद्या लकबीवरून. ते मिळायला आठवडा लागेल किंवा महिना.

आणि पोहोचल्याच्या पहिल्याच दिवशी वर्गातल्या कॅलेंडरवर तुमची निघायची तारीख मुलांच्या देखत लाल रंगाने गोल करा. ऐकणाऱ्या घरांत वाढलेल्या या मुलांच्या आयुष्यातून माणसं न सांगता नाहीशी होत असतात. मामा कामासाठी दुसऱ्या गावी गेला हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं, फक्त तो दिसेनासा झालेला असतो. दर सोमवारी आठवडा खोडा आणि किती उरले ते मोजू द्या. शेवटच्या आठवड्यात नकाशावर नाशिक दाखवा, गोरखपूरपर्यंतची रेल्वे बोटाने काढून दाखवा, आणि नाशिकला पोहोचल्यावर तुम्ही कोणाकडे राहता तेही फोटो दाखवून सांगा.