फळ्यावरची दोन चित्रे

पेशी एटीपी (तिच्या सगळ्या कामांना ऊर्जा पुरवणारा रेणू) कसे तयार करते, याचे तयार उत्तर देण्याऐवजी आज एमएस्सीच्या वर्गात मी फळ्यावर दोन चित्रे काढली. पहिल्यात, जीवरसायनशास्त्रज्ञ स्लेटर यांनी १९५३ साली मांडल्याप्रमाणे, ऊर्जा एका मध्यस्थ रेणूमार्फत एटीपीपर्यंत पोहोचत होती. दुसऱ्यात, पीटर मिचेल यांच्या १९६१ च्या मांडणीनुसार, पटलाच्या, म्हणजे पातळ पडद्याच्या, एका बाजूला साठलेले प्रोटॉन (आम्लात भरपूर असलेले हायड्रोजनचे धनभारित कण) परतताना एटीपी घडवत होते.

मग विचारले, हरितलवके अंधारात पीएच ४ च्या आम्लात भिजवून, एडीपी आणि फॉस्फेट या एटीपीच्या कच्च्या मालासह एकदम पीएच ८ च्या द्रावणात घातली, तर प्रत्येक चित्राप्रमाणे काय घडेल? उत्तर आधी वहीत लिहायचे, ही अट. (दोघांनी शेजारच्याचे पाहून लिहिले, ते असो.) दुसऱ्या चित्राप्रमाणे प्रकाशाशिवायही एटीपी मिळायला हवे, आणि १९६६ मध्ये जागेनडॉर्फ व उरीबे यांना ते मिळाले.

मी खडू ठेवतो न ठेवतो तोच मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीचा प्रश्न आला, "सर, पण आम्लतेतल्या त्या फरकामुळेच मध्यस्थ रेणू तयार होत नसेल कशावरून?" शंका अगदी रास्त होती आणि खरे सांगायचे तर माझ्या टिपणात तिला जागाच नव्हती. म्हणून तिसरे चित्र काढले : खारट पाण्यातल्या सूक्ष्मजीवाचा प्रकाशावर चालणारा प्रोटॉन पंप आणि गाईच्या हृदयातले एटीपी सिंथेज (एटीपी घडवणारे विकर), दोन्ही एकाच कृत्रिम मेदपुटिकेत, म्हणजे मेदाच्या पटलाच्या इवल्याशा पिशवीत. इतक्या दूरच्या या दोघांना जोडणारा मध्यस्थ रेणू तिथे असण्याचे कारणच नव्हते. १९७४ मध्ये रॅकर आणि स्टोकेनियस यांनी त्यावर प्रकाश टाकला, तेव्हा एटीपी तयार झाले.

तिने वहीतल्या मध्यस्थ रेणूवर पेन्सिलीने काट मारली. खोडरबर मात्र वापरला नाही.