मानधन समितीवर बसून कलावंत निवडताना

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या लोककलांवर बरीच वर्षं लिहितो आहे, म्हणून जिल्ह्याच्या निवड समितीवर अशासकीय सदस्य म्हणून माझं नाव गेलं. योजनेचं आजचं नाव राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना. योजना तशी १९५४-५५ पासूनची. पन्नाशी ओलांडलेल्या आणि आयुष्य कलेत घालवलेल्या गरजू माणसाला सरकार दरमहा मानधन देतं. त्याच्या मागे पती किंवा पत्नीलाही ते मिळतं. पूर्वी अ, ब, क असे वर्ग होते : राष्ट्रीय पातळीवरच्या कलावंताला ३१५० रुपये, राज्य पातळीवरच्याला २७००, जिल्ह्यातल्याला २२५०. २०२४ पासून सगळ्यांना सरसकट ५००० झाले. हे फार चांगलं झालं. खडीगंमतीचा, म्हणजे आमच्याकडच्या तमाशासारख्या लोकनाट्याचा, शाहीर दिल्लीला गेला नाही म्हणून त्याला महिन्याला ९०० रुपये कमी, हा हिशेब मला कधीच पटला नव्हता.

पहिल्या बैठकीत टेबलावर फायलींचे गठ्ठे होते. काही फायली जाडजूड. भजनी मंडळांची प्रमाणपत्रं, सगळी एकाच नमुन्याची. मजकूर तोच, फक्त नाव बदललेलं. काही अगदी पातळ : आधार, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, सरपंचाचं चार ओळींचं पत्र. अशाच एका पातळ फायलीत ज्याने तरुणपणी नाच्या म्हणून, म्हणजे बाईच्या वेषात नाचून, आसपासची गावं गाजवली तो माणूस होता. त्याच्याकडे एक फोटोसुद्धा नव्हता.

कसा असेल? दंडार हे नाचगाण्याचं लोकनाट्य आणि खडीगंमत रंगते दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत. गावचा माणूस सांगावा घेऊन येतो, रात्रभर खेळ होतो, सकाळी बिदागी हातात पडते. करार नाही, पावती नाही, बातमीदार तर नाहीच. झाडीपट्टीच्या नाटकवाल्यांचं बरं असतं. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या नाटक कंपन्या पोस्टर छापतात, त्यावर नटांची नावं असतात, कुणीतरी ती जपून ठेवतं. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीकडे सगळ्या राज्याचं लक्ष गेलं. दंडारीकडे अजून कुणी बघितलेलं नाही.

समितीने ठरवलं, प्रत्येकाने समोर कला सादर करायची. मला वाटलं, आता खरं-खोटं लगेच कळेल. बऱ्याच जणांचं कळलंही. पेटी वाजवतो म्हणणाऱ्या एकाला विचारलं, तुमच्या गायकाची पट्टी कोणती? तो गप्प. दुसऱ्याने प्रश्न संपायच्या आत ‘काळी चार’ म्हणत भाता मोकळा केला. पण सत्तरीतल्या माणसाचा दम किती टिकणार? एका शाहिरांनी गण सुरू केला आणि दुसऱ्याच ओळीला खोकल्याने थांबले. शेजारच्या सदस्यांनी शून्याच्या जवळ गुण मांडले. मी त्यांना थांबवलं. मानधन हयातभराच्या कामाचं आहे, आजच्या आवाजाचं नाही.

‘शाहीर, तुमच्या मागे झील कोण धरायचं? ढोलकीवर कोण?’ मी विचारलं. झील धरणं म्हणजे शाहिराच्या मागे सूर धरणं.

त्यांनी नावं सांगितली, गावं सांगितली, कुठल्या मंडईत कुणाशी सवाल-जवाब झडला तेही सांगितलं. आणि त्यातला ढोलकीवाला आमच्याच यादीत निघाला! तो व्हरांड्यात बसला होता. त्याला वेगळं विचारलं तर त्याने तीच गावं, त्याच क्रमाने सांगितली. तिथून पुढे मी वहीत प्रत्येकाच्या साथीदारांची नावं लिहीत गेलो. एकाची साक्ष दुसऱ्याकडे सापडायची. त्या नाच्याची साक्ष तीन वेगवेगळ्या गावांच्या लोकांनी दिली. समितीने ही पद्धत मान्य केली, आणि माझ्या मते छापील प्रमाणपत्रापेक्षा ती कितीतरी भक्कम आहे.

भजनावर मात्र खूप वाद झाला. देवळात रोज भजनाला बसणारा भाविक आणि भजन गाणारा कलावंत यांच्यातली रेघ कुठे ओढायची? मी आग्रह धरला की ज्याने इतरांना शिकवलं, ज्याला परगावाहून बोलावणं येत होतं, त्याला आधी घ्यावं. सगळ्यांना ते पटलं नाही. शिफारशीचे फोनही आले. त्यावर उपाय एकच होता : चर्चेआधी प्रत्येकाने आपापले गुण लिहून सही करायची.

जिल्ह्याला वर्षाला १०० जणांची मर्यादा आहे. काठावर राहिलेल्यांत एक वासुदेव होते. त्यांचं नाव पुढच्या वर्षासाठी मी लावून धरलं आहे.

ज्यांच्या घरात असा कलावंत आहे त्यांना हात जोडून सांगतो : आजच मोबाइल समोर धरा. त्यांना गाऊ द्या, गाता येत नसेल तर बोलू द्या. गुरू कोण, साथीला कोण, कुठल्या गावच्या मंडईत उभे राहिले, सगळं त्यांच्याच तोंडून रेकॉर्ड करा. साथीदार हयात असतील तर त्यांचं लेखी निवेदन सहीनिशी घ्या. अर्ज आता ऑनलाइन भरायचा असतो, तो नातवाने भरून द्यावा. पण मुलाखतीला कलावंताला एकटं पाठवू नका, आणि त्यांची ढोलकी, डफ, तुणतुणं जे असेल ते सोबत द्या.