स्प्लेंडरचा कार्ब्युरेटर घरी उतरवताना

एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचे मानक लागू झाले आणि नव्या स्प्लेंडरमध्ये इंधन इंजेक्शन आले. तरी आमच्या दारातल्या जुन्या ९७.२ सीसीच्या हिरो होंडा स्प्लेंडरसारख्या असंख्य गाड्या आजही कार्ब्युरेटरवरच, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागावरच, धावतात. तो उतरवण्याचे काम नवशिक्याने अवश्य शिकावे, असे मला मनापासून वाटते.

इंजिन थंड झाल्यावर, मोकळ्या हवेत आणि ठिणगीपासून दूरच हे काम करावे. पेट्रोल कॉक बंद करून फ्लोट चेंबरच्या (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोल साठवणाऱ्या कप्प्याच्या) तळाचा ड्रेन स्क्रू सैल करावा आणि आतले पेट्रोल काचेच्या बरणीत घ्यावे. ते थोडा वेळ तसेच ठेवून पाहावे. तळाशी पाण्याचा थर किंवा गाळ दिसला, तर गाडी का अडखळते याचे उत्तर बरेचदा तिथेच मिळते.

सर्वांत नाजूक भाग म्हणजे स्लाइड, मूठ पिळली की वर-खाली होऊन हवेची वाट कमी-जास्त करणारा भाग. वरची गोल टोपी फिरवली की ॲक्सिलरेटर केबलसोबत स्प्रिंग, स्लाइड आणि नीडल (पेट्रोलचे प्रमाण ठरवणारी सुई) बाहेर येतात. मी केबल सोडवत नाही. हा सगळा संच स्वच्छ फडक्यात गुंडाळून चासीला अडकवून ठेवतो, कारण नीडल जराशी वाकली तरी पेट्रोलचे प्रमाण बिघडते. स्लाइडची खाच कोणत्या बाजूला आहे, याचा फोटो आधीच काढून ठेवावा. ती उलटी बसली तर पूर्ण खाली येत नाही आणि गाडी सुरू होताच इंजिन बेफाम फिरू लागते.

त्यानंतर एअर फिल्टरच्या रबरी नळीचा क्लॅम्प सैल करावा आणि मॅनिफोल्डकडचे (कार्ब्युरेटर इंजिनाला जोडणाऱ्या नळीकडचे) दोन्ही बोल्ट दहा नंबरच्या पान्याने आळीपाळीने सोडवावेत. कार्ब्युरेटर निघाला की इंजिनाच्या उघड्या तोंडात मोठे, धागे न सुटणारे फडके लगेच बसवावे. एखादा स्क्रू आत पडला, तर तो थेट व्हॉल्व्हपर्यंत जाऊ शकतो. मॅनिफोल्डच्या सांध्यातली ओ-रिंग (रबरी कडे) चपटी किंवा कडक झाली असेल, तर ती बदलावीच. या स्वस्त वस्तूकडे दुर्लक्ष झाले, तर सांध्यातून हवा ओढली जाते, आयडलिंग (मूठ न पिळता इंजिनाचे चालणे) स्थिर राहत नाही आणि इंजिन जास्त तापते.

परत जोडल्यावर मूठ पूर्ण पिळून सोडावी. स्लाइड खाली आपटल्याचा ‘टक्’ आवाज आला पाहिजे. मगच कॉक उघडून काही मिनिटे ओव्हरफ्लोच्या नळीकडे लक्ष ठेवावे. तिथून पेट्रोल ठिबकले, तर पेट्रोल आत येणे थांबवणाऱ्या फ्लोटच्या व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला आहे का, हे प्रथम पाहावे.